सांगणाऱ्या मुलीचा फोन

ऑनलाइन शिकवणीतील मुलांच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की चर्चा बहुधा पासवर्ड, ॲप आणि सेटिंगपासून सुरू होते आणि तिथेच संपते. ती चर्चा अनावश्यक आहे असे नाही. परंतु जालना जिल्ह्यात २०२० पासून अशी शिकवणी चालवताना प्रस्तुत लेखकाला जो अनुभव आला, त्याचा कल निराळा आहे. त्रास झाल्यावर मूल कोणाजवळ बोलते आणि बोलल्याबद्दल त्याला काय गमवावे लागते, या दोन गोष्टी ज्या घरात आणि ज्या वर्गात आधी ठरलेल्या नसतात, तिथे सगळी सेटिंग जागच्या जागी असूनही मूल एकटेच राहते, असे या काळात एकाहून अधिक वेळा दिसून आले, आणि त्यांपैकी पहिल्या वेळी चूक शिकवणीचीच होती.

‘ऑनलाइन शिकवणी’ हा शब्द येथे शाळेबाहेर, फी घेऊन, मोबाईलच्या पडद्यावरून घेतल्या जाणाऱ्या तासांसाठी वापरला आहे. शाळेचा ऑनलाइन तास आणि ही शिकवणी दिसायला सारखी असली तरी त्यांच्यामागे उभी असलेली माणसे वेगळी असतात. शाळेला मुख्याध्यापक असतो, हजेरीपट असतो, वर शिक्षणाधिकारी असतो, आणि राज्य शासनाने २०२२ पासून शाळाशाळांत स्थापन करायला लावलेली सखी सावित्री समितीही, निदान कागदावर, असते. शिकवणीला मात्र एक शिक्षक, एक फोन आणि महिन्याचे रिचार्ज एवढ्यावर भागते. शिकवणाऱ्याची चौकशी कोणी केली, त्याच्याबद्दल तक्रार कोणाकडे करायची, तो मुलीशी रात्री किती वाजता बोलतो, हे विचारणारे कोणी नसते, आणि पालकही विचारत नाहीत, कारण ‘सर’ या शब्दाला गावाकडे अजून वजन आहे. हे वजन शिकवणाऱ्याच्या सोयीचे असते, म्हणूनच त्याकडे त्यानेच अधिक संशयाने पाहायला हवे.

१ मे १९८१ रोजी स्वतंत्र झालेल्या या जिल्ह्यात आठ तालुके आहेत. जालना शहरात स्टीलच्या रोलिंग मिल आणि बियाण्यांच्या कंपन्या आहेत, अंबड-घनसावंगीकडे मोसंबीच्या बागा आहेत, आणि मंठा, परतूर, भोकरदन, जाफ्राबाद या भागांतील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी बाहेर पडतात ती उन्हाळ्यात परततात. शहरातल्या शिकवणीला या गावांची मुले पूर्वी येऊ शकत नव्हती, कारण सायंकाळी परत जाणारी एसटी चुकली की मुक्कामाचा प्रश्न उभा राही, आणि मुलीच्या बाबतीत तर तो प्रश्नही कोणी उभा राहू देत नसे. त्यामुळे फोनवरची शिकवणी सुरू झाली तेव्हा ती या मुलांसाठी खरोखरच मोठी सोय ठरली. पाचवीची नवोदय प्रवेश परीक्षा, तेव्हा पाचवी-आठवीला असलेली शिष्यवृत्ती, आणि आठवीतच द्यायची एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठीची परीक्षा, जिच्यात निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात, या तिन्हींची तयारी जाफ्राबाद तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर बसून करता येऊ लागली. ही सोय काढून घेऊन सुरक्षितता साधणे सोपे आहे. पुढे जे लिहिले आहे त्यात हा सोपा मार्ग शिकवणीने आणि पालकांनी किती वेळा धरला, याचाही हिशेब आहे.

टाळेबंदीच्या पहिल्या उन्हाळ्यात धोका नेमका कुठे आहे हे कोणालाच नीट उमगले नव्हते. त्याच वर्षी २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका सुरू झाली, आणि ज्या घरांत टीव्ही होता तिथे ती निर्धास्तपणे पाहिली गेली, कारण टीव्हीवरचा मास्तर मुलाला उलट मेसेज करत नाही. फोनवरचा तास मात्र दुतर्फी असतो; मुलाचा चेहरा, आवाज, घर आणि नंबर त्यातून समोरच्याकडे जातात. हा फरक आज ढळढळीत दिसतो, पण तेव्हा शिकवणीने तास सुरू करताना केवळ आपला आवाज मुलांपर्यंत पोहोचतो की नाही याची काळजी केली, मुलांकडून काय काय बाहेर पडते आहे याची केली नाही.

पहिला धडा एप्रिल २०२० मध्येच मिळाला. आठवीच्या तासाची लिंक एका मुलाने हौसेने स्टेटसला ठेवली होती, आणि भूमितीचे प्रमेय चालू असताना कोणी अनोळखी आत येऊन पडद्यावर घाणेरडे चित्र काढून गेला. शिक्षकाला तो कोण हे शोधायलाही जमले नाही, कारण हजर असलेल्यांच्या यादीत मुलांची नावेच नव्हती. ‘रेडमी’, ‘ओप्पो’, ‘पप्पा’, ‘जय श्रीराम किराणा’ अशी फोनची आणि फोनमालकांची नावे होती, आणि त्यांत एक परका सहज खपून गेला होता. जगभर तेव्हा हेच चालले होते. झूमने त्याच महिन्याच्या सुरुवातीला प्रतीक्षाकक्ष आणि पासवर्ड आपोआप चालू राहतील अशी व्यवस्था केली, आणि केंद्रीय गृह मंत्रालयानेही एप्रिलच्या मध्यात ते ॲप वापरणाऱ्यांसाठी सूचना काढल्या. प्रतीक्षाकक्ष म्हणजे वर्गाबाहेरचा ओटा असे मुलांना सांगावे लागले: लिंक दाबल्यावर मूल ओट्यावर थांबते आणि शिक्षकाने नाव पाहून दार उघडले की आत येते. दार उघडण्यात रोजची सहा-सात मिनिटे जात, ‘सर, मला घेऊ नाही राहिले’ म्हणून फोन येत, आणि सुरुवातीला हा वेळ वाया गेल्यासारखा वाटे; तरी रोज प्रत्येकाचे नाव उच्चारून आत घेण्याने हजेरी आपसूक झाली आणि कोण दोन दिवस आले नाही हे ध्यानात येऊ लागले. पुढे हीच गोष्ट सर्वांत उपयोगी पडली, कारण अडचणीत सापडलेले मूल बोलण्याआधी बरेचदा यायचे बंद होते.

या प्रकाराने मुले घाबरली, हसली आणि आठवड्याभरात विसरली. खरे नुकसान झाले ते यापेक्षा साध्या, रोजच्या आणि सर्वांना निरुपद्रवी वाटणाऱ्या गोष्टीतून. शिकवणीने प्रत्येक इयत्तेचा व्हॉट्सॲप ग्रुप केला होता. गृहपाठ, उत्तरपत्रिका, तासाची वेळ असे सारे त्यावर पडे. अशा साध्या ग्रुपमध्ये प्रत्येक सभासदाचा नंबर इतर सर्वांना दिसतो, आणि मुलींनी हौसेने लावलेले डीपी, म्हणजे नंबरासोबत दिसणारे छायाचित्र, तेही दिसते. चाळीस घरांच्या फोनमध्ये मुलींची नावे, नंबर आणि चेहरे यांची यादी शिकवणीने स्वतःच्या हाताने नेऊन ठेवली होती, आणि ते चाळीस फोन मुलांच्या एकट्याच्या हातात नव्हते. घरातला थोरला भाऊ, चुलतभाऊ, शेजारी, गावातला दुकानदार असे कोणीही ते हाताळत होते.

त्यातल्या एका फोनवरून नववीच्या एका मुलीला मेसेज जाऊ लागले. पाठवणारा शिकवणीचा विद्यार्थी नव्हता, एका विद्यार्थ्याचा वीस-बावीस वर्षांचा नातेवाईक होता. आधी ‘अभ्यास झाला का’, मग ‘डीपी छान आहे’, मग रात्री फोन. मुलीने चौथ्या की पाचव्या दिवशी आईला सांगितले. म्हणजे शिकवणीने मुलांना जे सांगितले होते तेच तिने केले, वेळेवर केले आणि योग्य माणसाजवळ केले. आईने वडिलांना सांगितले, वडिलांनी फोन काढून घेतला, ग्रुपमधून नंबर बाहेर काढला आणि तासही बंद केला. शिक्षकाने फोन केला तेव्हा त्यांचे बोलणे शांत होते. पोरीचे नाव गावात होण्याआधी प्रकरण मिटवलेले बरे, एवढेच त्यांनी सांगितले. पुढे तिची शाळाही सुटली, आणि दहावीला ती बसली ती सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेची नियमित विद्यार्थिनी म्हणून नव्हे, बाहेरून. मेसेज करणाऱ्याचा फोन मात्र त्याच्याकडेच राहिला.

मराठवाड्यात, आणि या जिल्ह्यातही, मुलीच्या हातातला फोन, तिची शाळा आणि तिचे लग्न या तीन वेगळ्या गोष्टी नाहीत. लवकर लग्न लावण्याची घाई जिथे आधीच आहे, तिथे एक तक्रार ही त्या घाईला मिळालेले निमित्त ठरते, आणि मुलींना हे पक्के ठाऊक असते. म्हणूनच ‘काही झाले तर लगेच सांगा’ हा उपदेश त्यांच्या कानावर पडून वाया जातो. सांगण्याची किंमत त्यांनाच मोजावी लागते आणि ती पूर्ण शिक्षणाएवढी असू शकते. प्रस्तुत लेखकाने तोवर सुरक्षितता म्हणजे धोका बाहेर ठेवणे असे मानले होते. या मुलीमुळे ध्यानात आले की धोका आत आल्यावर बाहेर कोणाला काढले जाते, यावरच सगळे ठरते.

ग्रुपची रचना त्याच आठवड्यात बदलली. सुरुवातीला एकतर्फी यादी वापरली, म्हणजे शिक्षकाकडून प्रत्येक पालकाला स्वतंत्र संदेश जाई आणि कोणाचा नंबर कोणाला दिसत नसे, मात्र त्यासाठी पालकांनी शिकवणीचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन करणे आवश्यक होते आणि निम्म्यांनी तो केलेलाच नव्हता. नंतर व्हॉट्सॲपवर कम्युनिटीची सोय आली, तिच्या सूचनांच्या ग्रुपमध्ये सभासदांचे नंबर एकमेकांपासून झाकलेले राहतात, तेव्हा काम सोपे झाले. ग्रुपमध्ये मुलाचा नव्हे, पालकाचा नंबर, असाही नियम केला. तो अर्धाच पाळता आला, कारण पुष्कळ घरांत एकच स्मार्टफोन असतो आणि तो कोणाचा हे वेळेनुसार बदलते: सकाळी वडिलांचा, दुपारी भावाचा, सायंकाळी मुलीचा.

नंबरांचा प्रश्न सुटला तरी शिकवणाऱ्यांचा राहिलाच. कायद्याच्या आणि मानसशास्त्राच्या पुस्तकांत ज्याला ग्रूमिंग म्हणतात, त्याला मराठीत एकच नेमका शब्द नाही. फूस लावणे, नादी लावणे, आमिष दाखवणे, माया लावणे अशा चार शब्दांत त्याचे तुकडे विखुरलेले आहेत, आणि त्यांतला शेवटचा तर चांगल्या अर्थाचा आहे. प्रौढ व्यक्ती मुलाचा विश्वास हळूहळू मिळवते, त्याला इतरांपासून थोडे वेगळे करते, त्याच्यावर लहान लहान उपकार करते, आणि मग त्या विश्वासाचा गैरवापर करते, असा हा क्रम आहे. त्याची पहिली पायरी चांगल्या शिक्षकाच्या वागण्यासारखीच दिसते, हीच त्यातली अडचण आहे. जास्तीचा वेळ देणे, रात्री उशिरा अडलेले गणित सोडवून देणे, गरीब मुलीच्या फोनला रिचार्ज मारून देणे, या गोष्टींचे शिकवणीत कौतुकच होत असे.

शंका सोडवण्यासाठी ठेवलेल्या एका तरुण शिक्षकाने हे सारे केले. तो गणितात हुशार होता आणि मुलांचा आवडता होता. एका आईने एके दिवशी त्याचे मुलीला आलेले मेसेज दाखवले; त्यांत अश्लील असे काही नव्हते, गणिते होती, ‘जेवली का’ होते, आणि रिचार्जच्या संदेशाखाली एक ओळ होती: आईला सांगू नको. पुढे अनेक प्रकरणांत खरे-खोटे ओळखण्याची खूण म्हणून हीच ओळ वापरता आली, कारण जे काम चांगले आहे त्याला आईपासून लपण्याचे कारण नसते. शिकवणीने त्या तरुणाला त्याच दिवशी काढले. मात्र जे केले नाही तेही सांगितले पाहिजे: कोणाला कळवले नाही, लेखी काही ठेवले नाही, ‘घरगुती कारणाने गेला’ असे मुलांना सांगितले. दोन महिन्यांनी दुसऱ्या एका शिकवणीच्या चालकाने फोन करून विचारले, पोरगा कसा आहे? प्रस्तुत लेखकाने उत्तर दिले, गणित चांगले आहे. हे उत्तर खोटे नव्हते, आणि इतक्या वर्षांत शिकवणीच्या नावाने दिलेले सर्वांत वाईट उत्तर तेच होते. तिसऱ्या दिवशी परत फोन करून सगळे सांगितले. पण मधले दोन दिवस तो तिथे शिकवत होता.

त्यानंतर जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन चौकशी केली तेव्हा कायद्याचा जो भाग समजला, तो शिकवणी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवा. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२, ज्याला सर्वजण पोक्सो म्हणतात, त्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे, मग मुलगा असो वा मुलगी. त्याच्या कलम ११ मध्ये लैंगिक हेतूने मुलाचा वारंवार पाठलाग करणे, त्याच्यावर नजर ठेवणे किंवा त्याच्याशी संपर्क करणे याचा समावेश आहे, आणि तो संपर्क प्रत्यक्ष असो की इलेक्ट्रॉनिक साधनांतून, दोन्ही सारखेच. कलम १९ नुसार असा अपराध घडल्याची माहिती असेल तर ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे; इतकेच नव्हे, असा अपराध घडण्याची शक्यता वाटत असेल तरीही. घडलेला अपराध दडवला तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दल दडवला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७-ब हेही मुलांना ऑनलाइन लैंगिक संबंधासाठी फूस लावण्याला स्वतंत्र गुन्हा मानते. ‘पुरावा नाही, उगाच कोणाचे आयुष्य कशाला खराब करा’ हा विचार शिकवणीने केला होता. पुरावा शोधणे हे शिकवणीचे कामच नव्हते, ते पोलिसांचे होते.

पालकांना कलमांपेक्षा एकच भीती असते, ती म्हणजे पोलिसांची गाडी दारात उभी राहण्याची. या भीतीचा विचार कायद्याने बऱ्यापैकी केलेला आहे, पण ते कोणी सांगत नाही. कलम २४ प्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. आणि मुलाची ओळख उघड होईल असे काहीही माध्यमांना प्रसिद्ध करता येत नाही. १०९८ ही मुलांची मदतवाहिनी चोवीस तास आणि मोफत आहे, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांविषयीच्या अश्लील सामग्रीची तक्रार नाव न देताही नोंदवता येते. ‘गणवेश न घालता’ हे तीन शब्द पालकसभेत उच्चारले की मागे बसलेल्या बायकांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो, हे प्रत्येक सभेत पाहायला मिळाले.

सगळा धोका मोठ्यांकडूनच येतो असेही नाही. संख्येने पाहिले तर शिकवणीसमोर आलेली बहुतेक प्रकरणे मुलांनी मुलांना दिलेल्या त्रासाचीच होती. तासाला जांभई देणाऱ्या एका मुलीचा स्क्रीनशॉट काढून तिच्या वर्गातल्या दोघा मुलांनी त्याचे स्टिकर केले आणि ते आठ दिवसांत तीन गावांत फिरले. ज्यांनी ते केले ती तेरा वर्षांची होती, आणि ती काही गुन्हेगार नव्हती. त्यांना कोणाचा चेहरा ही त्याची वस्तू आहे हे कोणी कधी सांगितलेच नव्हते. त्यांना शिकवणीतून काढावे अशी मागणी झाली. शिकवणीने काढले नाही. दोघांनी ज्यांना ज्यांना ते पाठवले होते त्या प्रत्येकाला स्वतः फोन करून पुसायला सांगितले, शिक्षक शेजारी बसून होता, आणि हे काम दोन सायंकाळी चालले. एकाच्या आत्याकडेही ते पोहोचले होते, तिला फोन करताना तो रडला. सगळीकडून ते पुसले गेले असेल असे मानण्याचे कारण नाही.

या प्रकरणाने कॅमेऱ्याचा नियमही उलटा केला. कॅमेरा चालू नसेल तर मूल लक्ष देत नाही, या समजुतीने तो सक्तीचा केलेला होता. रोलिंग मिलच्या आसपासच्या कामगार वस्तीत, किंवा एका खोलीच्या घरात, चालू कॅमेरा म्हणजे मुलाच्या मागे न्हाणारे लहान भावंड, निजलेला दारू प्यायलेला बाप, फुटका पत्रा हे सारे चाळीस जणांच्या पडद्यावर. एक मुलगा रोज कॅमेरा भिंतीला इतका चिकटवून बसे की त्याचा फक्त कान दिसे. त्याला त्यासाठी अनेकदा बोलणीही बसली होती. कारण समजले तेव्हा सक्ती काढली आणि त्याऐवजी वहीचे पान कॅमेऱ्यासमोर धरायची पद्धत सुरू केली. लक्ष आहे की नाही हे वहीवरून चेहऱ्यापेक्षा चांगले कळते, ही गोष्ट खरे तर फळ्यासमोर बसलेल्या मुलांबाबतही तितकीच खरी होती. तासाची ध्वनिचित्रफीत काढायची ती आता केवळ शिक्षकाच्या पडद्याची, मुलांचे चेहरे आणि नावे वगळून, आणि महिनाभराने ती पुसली जाते. आधीच्या दीड वर्षाच्या अशा फिती असलेला लॅपटॉप दुरुस्तीसाठी दुकानात चार दिवस पडून होता, ही आठवण अजूनही सुखाची नाही.

शिकवणाऱ्यांसाठीचे नियम त्यानंतर एका पानावर बसवले, आणि ते पान पालकांनाही दिले जाते, म्हणजे नियम मोडला तर तो ओळखणारे घरात कोणी असते. कोणत्याही तासाला दोन प्रौढ हजर, अर्थात दुसरा पालक असला तरी चालतो; मुलाशी एकट्याने बोलणे नाही; शंका ग्रुपमध्येच, पालकाच्या नंबरवर; रात्री आठनंतर मेसेज नाही, कितीही अडलेले असले तरी; मुलांना भेट, रिचार्ज, उसने पैसे नाहीत, मदत करायची तर शिकवणीमार्फत आणि पालकाच्या हातात. चांगल्या शिक्षकांना हे नियम बोचले, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते; परीक्षेच्या आदल्या रात्री साडेनऊला अडलेल्या मुलाला उत्तर न देणे कोणालाही जड जाते. तरीही नियम चांगल्या माणसांनी पाळला तरच वाईट माणूस वेगळा दिसतो, एवढ्या एका कारणासाठी तो टिकवला.

सर्वांत अवघड ठरला तो शिक्षकांसाठीचा नव्हे, पालकांसाठीचा नियम. प्रवेशाच्या वेळी पालकाकडून एक वाक्य लिहून घेतले जाते, सही येत नसेल तर अंगठा: मुलाने किंवा मुलीने त्रासाबद्दल सांगितले, तर त्या कारणाने त्याचा किंवा तिचा फोन काढून घेणार नाही आणि तास बंद करणार नाही. पहिल्या सभेत एका बापाने उभे राहून विचारले, मग काढून घ्यायचा नाही तर करायचे काय? प्रश्न रास्त होता आणि त्यावर उपदेश देऊन भागणार नव्हते. त्या दिवसापासून शिकवणीने तीन गोष्टी आपल्याकडे घेतल्या: त्रास देणारा नंबर ब्लॉक करून त्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवायचे, गरज पडली तर शिकवणीच्या खर्चाने नवीन सिमकार्ड घेऊन द्यायचे, आणि पोलिसांकडे किंवा बाल संरक्षण कक्षाकडे जायचे असेल तर शिकवणीतील एका बाईने सोबत जायचे. सिमकार्ड स्वस्त पडते. आजवर फार थोडी लागली. पण ती मिळतात हे ठाऊक झाल्यावर मुले स्वतःहून सांगू लागली, आणि त्यातला निम्मा त्रास शिकवणीशी संबंधित नव्हताच. शाळेच्या वाटेवरचा, लग्नाच्या वरातीतला, चुलत्याच्या घरातला होता.

ऊसतोडीच्या मोसमात पालकांची अट पाळायला पालकच गावात नसतात. अशा घरांत आजीला बसवायचे ठरले. मंठा तालुक्यातल्या एका आजीने यावर आपली पद्धत काढली: फोन ज्वारीच्या डब्याला टेकवून ठेवलेला असे, नात खाली सतरंजीवर आणि आजी तिच्या मागे वाती वळत, आणि हजेरीत नातीचे नाव आले की आजी तिच्याआधीच ओरडून सांगे, ‘पोरगी हाय सर, अन् मी बी हाय.’ मुले हसत. दुसऱ्या प्रौढाची एवढी खणखणीत हजेरी एरवी कोणी लावली नाही.

सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी दिलेल्या मुलीचे वडील मागच्या जूनमध्ये शिकवणीच्या खोलीत आले. धाकटी मुलगी आठवीत गेली होती आणि तिला एनएमएमएसला बसवायचे होते. थोरलीबद्दल त्यांनी काही सांगितले नाही आणि शिक्षकानेही विचारले नाही. प्रवेशाचा कागद त्यांनी दोनदा वाचला, फोनच्या वाक्यावर बोट ठेवून थोडा वेळ थांबले, मग विचारले, हिचा नंबर कोणाकोणाला दिसंल? शिक्षकाने आपला फोन त्यांच्या हातात दिला आणि कम्युनिटीचा पडदा उघडून दाखवला. त्यांनी अंगठ्याने तो वर-खाली सरकवला, दुसऱ्या कोणाचा नंबर कुठे दिसतो का ते स्वतः शोधले, सापडला नाही, तेव्हा फोन परत केला आणि फी हप्त्याने चालेल का, ते विचारले.